तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रात गेलं ते संपलंच ना?

"मावशी, हवेतलं विष शेवटी समुद्रातच जातं ना? मग तिथे गेलं की संपलं. एवढा मोठा समुद्र, त्यात चिमूटभर विषाचं काय कळणार?" बडोद्याच्या दांडिया बाजारात मराठी मंडळींपुढे माझं भाषण झालं की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत विचारतात, भिशीत विचारतात, शेजारचे भाई जिन्यात गाठून गुजरातीत विचारतात. खरं म्हणजे तो प्रश्न नसतोच. उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, माझा फक्त होकार हवा असतो.

तो मी देत नाही. समुद्रात गेलेलं संपत नाही. पुष्कळदा ते तिथे थांबतं, साठतं आणि वरच्या हवेतलं प्रमाण घटलं की परत हवेत येतं. ही देवघेव सर्वांत स्पष्ट दिसते ती आपल्याला स्वच्छ वाटणाऱ्या समुद्रांत, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या बर्फाळ पाण्यात.

आपल्याला उलट का वाटतं, तेही कळतं मला. बडोदं रसायनांवर वाढलेलं शहर आहे. कोयलीची रिफायनरी, रणोली-बाजव्याचे कारखाने, नंदेसरीची जीआयडीसी. अर्ध्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी तिथे नोकरीला होतं. या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहून नेणारी पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीची वाहिनी १९८३पासून ते पार खंभातच्या आखाताकडे पोचवते. सांडपाणी दूर गेलं की आपण निश्चिंत. हवेचंही तेच. थंडीतल्या संध्याकाळी छाणीच्या बाजूने उग्र वास आला की खिडक्या लावायच्या, सकाळी वास नाही म्हणजे विष गेलं. कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. ज्या पदार्थांबद्दल मी बोलणार आहे त्यांतल्या बहुतेकांना हवेत असताना नाकाला जाणवेल एवढा वासही नसतो.

माझी सारी नोकरी गॅस क्रोमॅटोग्राफसमोर गेली. नमुन्यातले पदार्थ वेगळे करून मोजणारं हे यंत्र, आम्ही त्याला जीसी म्हणतो. सॅम्पल मारायचं, कागदावर पीक, म्हणजे आलेखाचं टोकदार शिखर, उमटायची वाट बघायची, स्टँडर्डशी, म्हणजे माहीत असलेल्या नमुन्याशी, ताडून बघायचं. त्या यंत्रात क्लोरीनवाल्या रेणूंसाठी एक डिटेक्टर असतो. तो जेम्स लव्हलॉक यांनी १९५७च्या सुमारास शोधला. तो आला नसता तर हे सगळं जगाला कळायला आणखी कितीतरी वर्षं लागली असती, कारण इथे मोजमाप असतं ते घनमीटरभर हवेतल्या पिकोग्रॅमचं. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशानं काय होतं, असं लगेच म्हणू नका. पुढे येतंच आहे.

गोष्ट एकाच पदार्थाची सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. शेती असलेल्या घरांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना बीएचसी पावडर आठवत असेल. कुणी तिला गॅमेक्सीन म्हणत. कपाशीवर, भातावर, भुईमुगावर हिची धुरळणी व्हायची. शिवाय वाळवीला, ढेकणांना, कोठाराच्या कडांना. बुरसट, कोंदट वास. शास्त्रीय नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, आपण एचसीएच म्हणू. मायकेल फॅरेडे यांनी १८२५मध्ये ते पहिल्यांदा बनवलं. कीटक मारण्याचा गुण कळायला मात्र १९४०चं दशक उजाडावं लागलं.

कारखान्यात बेंझिनवर उजेडात क्लोरीन सोडला की एकाच घडणीचा रेणू मिळत नाही. अणू तेच, पण मांडणी वेगवेगळी, असे अनेक प्रकार एकत्र मिळतात: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. कीड मारतो तो फक्त गॅमा आणि तो शेकडा दहा-पंधराच असायचा. दोन तृतीयांशाच्या आसपास असायचा तो अल्फा, ज्याचा शेतकऱ्याला काडीचा उपयोग नव्हता. गॅमा वेगळा काढून विकला तर त्याला लिंडेन म्हणत, पण तो महाग. म्हणून आपण आणि चीनने सगळं मिश्रणच शेतात ओतलं. भारतात १९४८पासून वापरलेलं हे मिश्रण दहा लाख टनांच्या घरात जातं, चीनमध्ये चाळीस लाख टनांच्या वर. त्यातलं पंचाऐंशी टक्के निरुपयोगी होतं, हे मला रसायनशास्त्र शिकवताना कुणीही सांगितलं नव्हतं.

आता हा अल्फा शेतातून ध्रुवाकडे जातो कसा? घरातल्या डांबराच्या गोळ्या बघा. पैठणीच्या घडीत ठेवलेली गोळी वितळत नाही, ओली होत नाही, तरी वर्षभरात बोराएवढीची मिरीएवढी होते. तिची वाफ होऊन ट्रंकेभर पसरते आणि पैठणीच्या धाग्यांत मुरते. गोळी पूर्ण संपली तरी पैठणीला वास राहतो. मग ती पैठणी उन्हात वाळत घाला, वास सुटून हवेत जातो. गोळी, हवा आणि कापड यांच्यात चाललेला हा व्यवहार आपल्या सगळ्यांच्या नाकाला पाठ आहे. अल्फा एचसीएचचं शेत, हवा आणि समुद्र यांच्यात हेच होतं. असे पदार्थ ना पेट्रोलसारखे झटकन उडणारे, ना मिठासारखे जागेवर बसून राहणारे. ते मधले. तापमान वाढलं की उडतात, घटलं की बसतात.

आपल्या मे महिन्यात जमीन इतकी तापते की धुरळलेली पावडर पिकावर कमी राहते आणि हवेत जास्त जाते. वारा तिला पुढे नेतो. थोड्या थंड ठिकाणी ती पानावर, मातीवर, पाण्यावर उतरते. तिथे ऊन वाढलं की पुन्हा उठते. अशा उड्या मारत मारत काही भाग अशा जागी पोचतो जिथे बसल्यावर पुन्हा उठण्याइतकी ऊब मिळतच नाही. या प्रवासाला शास्त्रज्ञांनी टोळाच्या उड्यांचं नाव दिलं आहे. थंडीत रेणू मोडण्याची क्रियाही मंदावते, त्यामुळे पोचलेलं पुष्कळ काळ टिकतं. काही पदार्थ मात्र उड्या न मारता एका दमातही पोचतात. वारं अनुकूल असलं तर युरोप-रशियाकडची हवा काही दिवसांत ध्रुवावर असते.

पाण्यात किती मुरणार आणि हवेत किती राहणार, याचं गणित विल्यम हेन्री यांनी १८०३मध्ये मांडलं, तेही वायूंवर साधे प्रयोग करून. प्रत्येक पदार्थाचं हवा आणि पाणी यांच्यातलं वाटपाचं एक प्रमाण असतं आणि ते तापमानावर अवलंबून असतं. अल्फा एचसीएचच्या बाबतीत पाणी पंचवीस अंशांवरून शून्यावर आणलं तर त्याची हवेत जाण्याची ओढ साधारण आठ पट कमी होते. दुसऱ्या शब्दांत सांगते. शून्याच्या आसपासच्या समुद्रात देवघेव बरोबरीला आली, तर पाण्याच्या एका घनमीटरात जेवढा अल्फा असतो तेवढा मिळवायला हवेचे सुमारे वीस हजार घनमीटर लागतात. तीस अंशांच्या कोमट पाण्यात तोच आकडा दोन-अडीच हजारांवर येतो. आता कळेल की हवेतला पिकोग्रॅम का हसण्यावारी न्यायचा नाही. थंड समुद्र पातळ हवेतून विष गोळा करून पाण्यात दाट करतो. अनेक दशकं हेच चालू होतं. १९८०च्या दशकात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रांत विरघळलेल्या कीटकनाशकांमध्ये एचसीएच सर्वांत ठळक होतं आणि त्या किनाऱ्यांवर कपाशीचं एक रोपही नव्हतं.

इथपर्यंत ऐकल्यावर मंडळी म्हणतात, "म्हणजे समुद्रानं शोषून घेतलं, आम्ही तेच म्हणत होतो." थांबा. आता त्या गणिताची दुसरी बाजू.

वाटपाचं प्रमाण ठरलेलं असतं, पण कोणत्या बाजूने किती आहे ते ठरलेलं नसतं. हवेत प्रमाणाबाहेर असेल तर पदार्थ पाण्यात उतरतो. हवा रिकामी झाली तर तोच पदार्थ पाण्यातून वर चढतो. चीनने हे मिश्रण १९८३मध्ये बंद केलं. १९९०च्या आसपास सोविएत संघात आणि आपल्याकडे वापर घटला आणि भारतात १९९७मध्ये पूर्ण बंदी आली. हवेने या प्रत्येक निर्णयाची नोंद घेतली. ध्रुवाकडच्या हवेतला अल्फा टप्प्याटप्प्याने खाली आला. समुद्र मात्र तसाच भरलेला. मग काय होणार? कॅनडातले शास्त्रज्ञ टेरी बिडलमन आणि त्यांचे सहकारी रशिया-अलास्कामधल्या बेरिंग आणि चुक्ची समुद्रांवर जहाजाने जाऊन हवा आणि पाणी दोन्ही मोजत होते. १९९५मध्ये त्यांनी जाहीर केलं की वाहण्याची दिशा उलटली आहे. १९८८मध्ये त्या भागात अल्फा हवेतून पाण्यात जात होता. १९९३मध्ये तो पाण्यातून हवेत येत होता.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर जागा. सुंदर म्हणायला जीभ अडखळते, पण दुसरा शब्द नाही. कारण शंका काढणारा म्हणेलच, की हे आकडेमोडीतून आलं. वाटपाचं प्रमाण थोडं चुकलं असेल, पाण्याचं तापमान नीट घेतलं नसेल, तर दिशाही चुकेल. शंका रास्त आहे. प्रयोगशाळेत मी स्वतः अशा शंका काढून पोरांना रडकुंडीला आणलंय. तर त्यावरचा पुरावा बघा.

अल्फा एचसीएचचा रेणू दोन रूपांत असतो, एक डावा, एक उजवा. आरशात धरलं तर एकमेकांसारखे, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. कारखान्यात दोन्ही अगदी निम्मे निम्मे तयार होतात. हवेतून जाताना, पावसातून पडताना, पाण्यात नुसतं विरघळताना ते निम्मे निम्मेच राहतात. ऊन, वारा, पाणी यांना डाव्या-उजव्यातला फरक कळत नाही. तो कळतो सजीवांना. समुद्रातले सूक्ष्मजीव अल्फा खातात तेव्हा त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम, एका रूपाला पटकन तोडतात, दुसऱ्याला तितक्या सहज नाही. म्हणून समुद्रात बरीच वर्षं राहिलेल्या अल्फात एक बाजू कमी भरते. आता जहाजाच्या डेकवर हवा ओढणारा पंप लावा, शेकडो घनमीटर हवा फोमच्या तुकड्यातून जाऊ द्या, तो फोम धुऊन जीसीवर मारा. जीसीतली पदार्थ वेगळे करणारी नळी, म्हणजे कॉलम, साधा असेल तर एकच पीक येतं. पण डावं-उजवं ओळखणारा खास कॉलम लावला तर दोन पीक वेगळी होतात. दोन्ही सारखी उंच आली तर तो अल्फा थेट शेताकडून आलेला. एक ठेंगणं आलं तर त्याने समुद्रात मुक्काम केलेला आहे. मोकळ्या पाण्यावरच्या हवेत एक पीक ठेंगणं आलं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांत तर असंही दिसलं, की समुद्र बर्फाखाली असताना हवेतली दोन्ही रूपं जवळजवळ सारखी आणि बर्फ फुटून पाणी उघडं पडलं की तोल एका बाजूला गेलेला. हवेत आलेला माल समुद्रातला होता, याला आणखी साक्ष काय हवी? असा कॉलम मी हाताळलाय. पीक फुटून दोन होताना पाहणं म्हणजे काय, ते ज्यांनी तासन्तास बेसलाइनच्या सपाट रेषेकडे डोळे लावलेत त्यांनाच कळेल. असो.

बर्फाचा मुद्दा निघालाच आहे तर तोही सांगते. समुद्रावर बर्फ असेपर्यंत हवा आणि पाणी यांची गाठच पडत नाही. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात पाणी मोठ्या भोवऱ्यात फिरत राहतं. तिथे बर्फाखाली अल्फाचं प्रमाण इतर भागांपेक्षा जास्त टिकून राहिलं होतं, कारण वर निसटायला वाट नव्हती. आता उन्हाळ्यातला बर्फ दशकागणिक आकसतो आहे. उघड्या पाण्याचं क्षेत्र वाढलं, पाणी थोडं तापलं, तर या दोन्हींमुळे साठा वर येतो. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांतल्या डोंगरावरच्या आणि कॅनडातल्या अलर्टच्या केंद्रांवर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हवा मोजली जाते. त्या नोंदींचा २०११मध्ये अभ्यास झाला. बंदीमुळे येणारी घसरण बाजूला काढून पाहिली, तर अनेक पदार्थ तापमानवाढ आणि बर्फ घटण्याबरोबर पुन्हा हवेत येत असल्याचं त्यात दिसलं. त्याच स्वालबार्डवर आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, २००८पासून. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेचे लोक तिथे जाऊन कामं करतात. हे सांगितलं की श्रोत्यांत एकदम अभिमान संचारतो, जो पिकोग्रॅमबद्दल अजिबात संचारत नाही.

सगळे पदार्थ हाच रस्ता धरतात असं नाही. त्याच पावडरीतला बीटा एचसीएच घ्या. अल्फाच्या तुलनेत तो पाण्याला फार घट्ट चिकटतो, वाटपाचं प्रमाण जवळपास वीस पट पाण्याच्या बाजूला. त्यामुळे हवेतून ध्रुवापर्यंत पोचण्याआधीच पावसाने धुऊन तो उत्तर प्रशांत महासागरात पडला. तिथून पुढे वाऱ्यावर नव्हे, तर समुद्रप्रवाहांबरोबर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून ध्रुवाकडे सरकला. पाण्याची चाल मंद, म्हणून बीटा उशिरा पोचला. एकाच पोत्यातले दोन भाऊ, एक हवेने गेला, एक पाण्याने. अल्फा घटायला लागला तरी बीटा प्राण्यांच्या चरबीत टिकून राहिला, कारण शरीर त्याला सहज मोडू शकत नाही.

काही तर परतही येत नाहीत. पीसीबी म्हणजे ट्रान्स्फॉर्मरच्या तेलात असायचे ते. त्यांतले जड रेणू पाण्यात जेमतेम विरघळतात, पण चरबीला आणि शेवाळासारख्या कणांना लगेच चिकटतात. थंड समुद्रात वसंतात प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, पूर येतो. ते पाण्यातलं पीसीबी उचलतात. पाण्यातलं घटलं की हवेतून आणखी उतरतं. प्लवक मेले की त्याला घेऊन खोल बुडतात. म्हणजे इथे समुद्र खरोखर गिळतो, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर. पण सगळेच प्लवक मरून बुडत नाहीत. काही खाल्ले जातात. त्यांना खाणारा जीव, त्याला खाणारा मासा, माशाला खाणारा सील, सीलला खाणारं अस्वल. प्रत्येक पायरीवर चरबीतलं प्रमाण चढत जातं. आणि सीलची, पांढऱ्या देवमाशाची चरबी हेच ज्यांचं परंपरेनं अन्न आहे ती माणसं सर्वांत वर. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉक्टर एरिक देवेली यांनी कॅनडातल्या उत्तर क्वेबेकमधल्या इन्युइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, मातांचं दूध तपासलं, ते खरं तर स्वच्छ नमुना म्हणून, तुलनेसाठी. दक्षिण क्वेबेकमधल्या मातांपेक्षा त्या दुधात पीसीबी पाच पटींच्या आसपास निघालं. या बायकांच्या गावात ना कारखाना, ना ट्रान्स्फॉर्मरचं गोदाम. तेव्हा "एवढ्याशानं काय होतं" हा प्रश्न मला विचारू नका.

पाऱ्याची गोष्ट वेगळीच, थोडक्यात सांगते. पारा वायुरूपात हवेत सहा महिने ते वर्षभर फिरतो, म्हणजे जगभर जायला पुरेसा वेळ. कोळसा जाळण्यातून तो निघतो. सोन्याच्या छोट्या खाणींतून निघतो. एके काळी कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतल्या पाऱ्याच्या सेलमधूनही निघायचा, आता आपल्या देशात ते सेल जाऊन पारा न लागणारे मेम्ब्रेनचे सेल आले. १९९५मध्ये अलर्टला असं लक्षात आलं, की ध्रुवावर लांबलचक रात्र संपून सूर्य उगवला की हवेतला पारा एकाएकी खाली येतो, कधी कधी जवळजवळ शून्यावर. कारण समुद्री बर्फावरच्या मिठातलं ब्रोमीन. उन्हात ते जागं होतं, पाऱ्याशी संयोग पावतं आणि पारा बर्फावर बसतो. यातला बराचसा उन्हाने पुन्हा हवेत जातो, काही वितळत्या बर्फाबरोबर समुद्रात. इथेही एकेरी वाट नाही.

आणि अगदी नवे, पीएफएएस म्हणजे न चिकटणारी भांडी, पाण्याने न भिजणारं कापड, आग विझवायचा फेस यांतले पदार्थ. यांतले काही आम्ल रूपात पाण्यात असतात, त्यांची वाफ होत नाही. तरी ते हवेत जातात. लाट फुटली की हवेचे बुडबुडे वर येतात. हे रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर गोळा होतात आणि बुडबुडा फुटताना तुषारांबरोबर उडतात. किनाऱ्यावरचा वारा त्यांना जमिनीवर परत आणतो. माझ्या वेळी आम्ही हे मोजतसुद्धा नव्हतो.

या सगळ्यानंतर दोन प्रश्न उरतात, तेही दर वेळी येतात. पहिला: "मावशी, तिथे सापडलेलं आपलंच कशावरून?" रेणूवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. बडोद्याचा, भरूचचा की चीनमधल्या हार्बिनचा, हे एका रेणूवरून कुणी सांगू शकणार नाही. पण मिश्रण वापरलं की शुद्ध लिंडेन, एवढं कळतं. मिश्रणात अल्फा गॅमाच्या चार ते सात पट असतो, लिंडेनमध्ये जवळपास नसतोच. ध्रुवाकडच्या हवेत अल्फाचं वर्चस्व होतं. जगात मिश्रण सर्वाधिक वापरणारे देश मोजकेच आणि त्यांत आपलं नाव वर. एवढं पुरेसं आहे. शिवाय गंमत बघा, युरोपात १९७०च्या दशकानंतर मिश्रण सोडून लिंडेन वापरत, तेव्हा तिथले लोक आपल्याकडे बोट दाखवत. पण लिंडेन बनवताना उरलेला अल्फा-बीटाचा ढीग कारखान्यांच्या मागे पडलेला असायचा. एक टन लिंडेनमागे आठ-दहा टन कचरा. ते ढीग अजून तिथल्या जमिनीत आहेत. तेव्हा कुणी कुणाला बोल लावू नये असं माझं मत. माझ्या घरात यावर वाद होतात.

दुसरा प्रश्न तरुण मंडळी विचारतात: "बंदी घालून फरक पडतो का?" हवेत पडतो आणि लवकर पडतो. दोन-तीन वर्षांत आलेख उतरलेला दिसतो. समुद्रात दशकं लागतात. अशा टिकून राहणाऱ्या विषांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार २००१मध्ये झाला, २००४मध्ये लागू झाला, भारताने २००६मध्ये मान्य केला. सुरुवातीच्या बारा पदार्थांत एचसीएच नव्हतंच. अल्फा, बीटा आणि लिंडेन त्यात आले २००९मध्ये, म्हणजे समुद्र परत करायला लागल्याची बातमी येऊन चौदा वर्षं झाल्यावर. लिंडेनचं उत्पादन आपल्याकडे २०११मध्ये थांबलं, वापर २०१३मध्ये.

हे सांगून झालं की सभेतले एखादे आजोबा हळूच म्हणतात, "आमच्या गावच्या घरी माळ्यावर अजून त्या पावडरीचा डबा आहे." दर वेळी कुणीतरी निघतंच. त्यांना मी सांगते ते असं. डबा उघडून वास घेऊन खात्री करायची नाही. जाळायचा नाही, क्लोरीनवालं जाळलं तर डायॉक्सिन होतात, ते मूळ पावडरीपेक्षा वाईट. विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यात नाही. मास्क-हातमोजे घालून जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधायचा, वर मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा तालुक्याच्या शेती खात्याकडे विचारायचं की धोकादायक कचरा कुठे द्यायचा. चार चकरा माराव्या लागतील, माराव्या. तोपर्यंत डबा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. खाली, घरातल्या सर्वांत थंड खोलीत आणून ठेवा, पोरंटोरं आणि धान्य यांच्यापासून लांब.